तावडूच्या वाटेवर कमानी तुटली

मार्चच्या मध्यावर मोहरीचा पिवळा रंग उतरतो. शेंगा भरतात, पानं वाळतात आणि कापणीची माणसं रानात दिसायला लागतात. मधमाश्या पाळणाऱ्यांना तेव्हा मुक्काम हलवावा लागतो. त्या वर्षी माझ्या साठ-सत्तर पेट्या हरियाणातल्या तावडूच्या पलीकडे, अरवलीच्या पायथ्याशी एका शेताच्या कडेला होत्या आणि मला त्या सोनिपतच्या बाजूला निलगिरीच्या राईत न्यायच्या होत्या.

हा उद्योग तुमच्याकडे कसा आला, असं लोक विचारतात. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, क्वार्टर लक्ष्मीबाई नगरात, दोन्ही मुलं दिल्लीतच वाढलेली. मुलं शाळेतून कॉलेजात गेली तेव्हा दुपारी घर फार शांत व्हायला लागलं. मी मधमाशीपालनाचा एक सरकारी कोर्स केला आणि नवऱ्याच्या एका सहकाऱ्याच्या मानेसरजवळच्या शेतावर चार-पाच पेट्या ठेवल्या. हळूहळू वाढत गेल्या. मुलीला अजूनही 'मोहोळ' हा शब्द येत नाही, ती 'मम्माचे बॉक्सेस' म्हणते.

पेट्या वाहणारा ट्रक ठरलेला होता. नूहकडचा एक ड्रायव्हर, पन्नाशीचा, ट्रक त्याचा स्वतःचा. मी त्याला उस्ताद म्हणत असे. ट्रक इतका जुना होता की दिल्लीच्या हद्दीत शिरायची त्याला मुभा नव्हती. हरियाणातल्या आतल्या रस्त्यांवरच तो फिरायचा. पण दुसरे ट्रकवाले मधमाश्या म्हटल्यावर फोन ठेवून द्यायचे आणि उस्ताद तसा घाबरणारा नव्हता. त्याचा ताप एवढाच की त्याला सगळंच माहीत असायचं. पाऊस कधी येणार, माझ्या मुलाने कुठली शाखा घ्यावी, गुडघेदुखीवर काय लावावं, सगळ्याला उत्तर तयार.

त्या खेपेला माझ्यासोबत भाऊजी आले होते, म्हणजे माझे धाकटे दीर. वाशिमहून यूपीएससीसाठी दिल्लीत आलेले, राजेंद्र नगरात खोली करून राहायचे. तिशी ओलांडलेली. रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे. माझा नेहमीचा गडी लग्नाला गावी गेला होता, तेव्हा भाऊजी स्वतःहून म्हणाले, "वहिनी, मी येतो. एक दिवस पुस्तकं नाही बघितली तर काही बिघडत नाही."

माश्या सगळ्या घरात असतात त्या वेळी, म्हणजे उजाडायच्या आत, आम्ही पेट्यांची दारं जाळीने बंद केली आणि त्या ट्रकवर चढवल्या. एकावर एक तीन थर, वरून दोरखंड, त्यावर जाळी. ट्रक चालता असला की वारा लागतो, माश्या शांत असतात. ऊन तापायच्या आत सोनिपतला पोचायचं, असा बेत होता.

तावडूकडे जाणारा तो रस्ता टेकड्यांमधून जातो. दोन्ही बाजूंना खडकाळ माळ, काटेरी किकर, म्हणजे आपल्या बाभळी, मध्ये कुठे मोहरीची पट्टी. दिल्लीच्या इतक्या जवळ असून तिथे ना ढाबा, ना पंक्चरवाला. रस्त्याचं डांबर पावसाने खाल्लं होतं. एका खड्ड्यात मागचं डावं चाक आपटलं आणि बंदुकीचा बार निघावा तसा आवाज झाला. ट्रक त्या अंगाला झुकला. मग काहीतरी घासल्याचा आवाज आणि जळक्या रबराचा वास.

उस्तादने ट्रक बाजूला घेतला, उतरून खाली वाकून पाहिलं.

"कमानी गई मैडम. ऊपर का बड़ा पत्ता."

भाऊजीही वाकले. "पाटा तुटलाय," ते मला म्हणाले. आमच्याकडे त्याला पाटा म्हणतात. चाकांच्या दांड्यावर ट्रकचं सगळं ओझं ज्या पोलादी पट्ट्या पेलतात, त्यांतली वरची मुख्य पट्टी टोकाशी तुटली होती. त्यामुळे चाकांचा दांडाच मागे सरकला होता आणि टायर ट्रकच्या अंगाला घासत होतं.

तोवर सूर्य टेकडीच्या वर आला होता. मी पेट्यांजवळ जाऊन उभी राहिले. चालत्या ट्रकमध्ये माश्यांचा आवाज एकसुरी असतो. तो बदलला होता. वाढला होता, टोकदार झाला होता. बंद पेटीत उष्णता वाढली की सगळ्या माश्या दाराच्या जाळीकडे धावतात, हवेची वाटच बंद करतात आणि गुदमरतात. ताकदीची, म्हणजे माश्या जास्त असलेली पेटी आधी मरते.

उस्ताद म्हणाला, "बांध के चल देते हैं. धीरे-धीरे तावडू पहुंच जाएंगे."

"माल लदा हुआ है. जॅक कैसे लगाओगे?"

"लग जाएगा."

त्याने जॅक लावला. ट्रक दोन बोटं उचलला गेला आणि जॅक मातीत रुतला. पुन्हा लावला, पुन्हा रुतला. पेट्या उतरवल्याशिवाय काही होणार नव्हतं हे मला तेव्हाच कळलं आणि त्याचा अर्थही कळला. पेट्या उतरवल्या की दारं उघडायला हवीत. दारं उघडली की माश्या बाहेर जाणार, ही नवी जागा लक्षात ठेवणार आणि संध्याकाळी इथेच परतणार. म्हणजे अंधार पडेपर्यंत आम्ही इथून हलू शकत नव्हतो, ट्रक तासाभरात दुरुस्त झाला तरी.

"उतारो," मी म्हणाले.

उस्ताद वाद घालायला लागला. तावडू जवळच आहे, माश्यांना काही होत नाही, त्याने मे महिन्यातसुद्धा माश्या नेल्या आहेत. मी ऐकून घेतलं नाही. भाऊजींना टोपी-जाळी दिली, माश्यांना धूर द्यायच्या धुराड्यात शेणी पेटवली आणि दोरखंड सोडायला सुरुवात केली.

रस्त्याला लागून मोहरीचं एक शेत होतं. चार-पाच बायका विळ्यांनी कापणी करत होत्या. पहिली पेटी खाली ठेवतो न ठेवतो तोच त्यांतली वयस्क बाई विळा घेऊन तरातरा आली. शेत तिचंच होतं.

"यहां ना रखियो. मेरी लुगाइयों ने काट लियो तो?"

लुगाइयों म्हणजे तिच्या कापणीच्या बायका. मी तिला चाची म्हटलं, कमानी दाखवली, माश्या मरतील म्हणून सांगितलं. तिने कमानीकडे पाहिलंही नाही. पेटीला कान लावण्याएवढी जवळ आली, थोडा वेळ ऐकत उभी राहिली.

"रो री हैं," ती म्हणाली. रडतायत.

मग तिने विळ्यानेच जागा दाखवली. रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी, तिच्याच मालकीचा खडकाळ तुकडा होता, दोन-तीन किकरांची तुरळक सावली असलेला. "उधर. और इधर आई तो मैं जानूं और तू."

आम्ही तिघांनी सगळ्या पेट्या तिकडे वाहून नेल्या. एकेक पेटी दोघांनी उचलायची, दगडांतून चालायचं, वाकडी होऊ द्यायची नाही. भाऊजींचे तळहात लवकरच सोलले. एक माशी उस्तादच्या डोळ्याशी डसली आणि बघता बघता त्याचा डावा डोळा मिटला. त्याने मला न विचारता त्यावर कांदा चोळला, त्याने तो आणखी लाल झाला. पण तो थांबला नाही.

दारं उघडताना मी मधल्या थरातल्या पेट्यांना घाबरत होते. बहुतेक पेट्यांतून माश्या भसाभस बाहेर आल्या, पेटीसमोर तोंड करून हवेत हेलकावे घेत राहिल्या. जागा लक्षात ठेवण्याची त्यांची ती पद्धत. एका पेटीतून मात्र कोणी आलं नाही. झाकण उघडलं तर तळाशी ओल्या माश्यांचा ढीग, भिजलेल्या चहाच्या चोथ्यासारखा, आणि वरचं मेण मऊ होऊन लोंबलेलं. ती माझ्या सगळ्यांत जुन्या पेट्यांपैकी एक होती. मी झाकण परत लावलं. तिच्या शेजारची पेटी निम्मी जिवंत होती. तिच्यावर पाणी शिंपडलं आणि पुढच्या पेटीकडे गेले. तेव्हा बसून वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता.

फोनला रेंज नव्हती. भाऊजी टेकडीवर चढले आणि उस्तादने दिलेल्या नंबरवर तावडूच्या मिस्तरीशी बोलून आले. मिस्तरी मोटरसायकलवरून आला, तोवर माश्या सगळीकडे पसरल्या होत्या. एवढ्या माश्या हवेत पाहून त्याने बऱ्याच अंतरावर गाडी थांबवली. हेल्मेटची काच खाली ओढली.

"पहले इनको हटाओ!"

"ये नहीं हटेंगी. शाम तक यहीं हैं," मी ओरडून सांगितलं.

"तो मैं भी नहीं आता."

उस्तादने त्याला शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, मग पुन्हा शिव्या दिल्या. मिस्तरी ऐकत नव्हता, पण अगदीच वाईट माणूसही नव्हता. मोटरसायकलला बांधून आणलेली जाड साखळी त्याने सोडली, रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि म्हणाला, "खाली गाड़ी बांध के ले आओ. पत्ता दुकान पे बदल दूंगा." गाडी वळवून तो गेला. भाऊजींना हसू आवरेना. त्या दिवशी पहिल्यांदाच कोणी हसलं.

आता रिकामा ट्रक कसाबसा बांधायचा होता. काम असं: दांडा पुढे ओढून मूळ जागी आणायचा, साखळीने जखडायचा आणि दांडा नि ट्रकचा सांगाडा यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घालायचा, म्हणजे ट्रक त्या अंगाला बसणार नाही. या वेळी जॅकखाली एक सपाट दगड ठेवला. ट्रक उचलला गेला. उस्ताद पाठीवर झोपून खाली सरकला. मी साखळी पुरवत होते, भाऊजी जॅकपाशी उभे होते.

"खाली बघा हो, दगड हलतोय," भाऊजी अर्धवट स्वतःशी म्हणाले आणि पुढच्याच क्षणी जोरात ओरडले, "बाहेर! उस्ताद, बाहेर!"

ते नुसते ओरडले नाहीत. उस्तादचे दोन्ही पाय धरून त्यांनी त्याला पोत्यासारखं ओढलं. दगड फुटला, जॅक आडवा उडाला आणि ट्रक धप्पकन खाली बसला. उस्तादची एक चप्पल आत राहिली होती.

उस्ताद रस्त्यावर तसाच पडून एका डोळ्याने आभाळाकडे बघत होता. त्याची कोपरं खरचटली होती, बाकी काही झालं नव्हतं. मी हातातली साखळी टाकून खाली बसले. समोरून चाची आली, पदराखालून पाण्याची बाटली काढून तिने आधी त्याला दिली, मग भाऊजींना. मला सर्वांत शेवटी.

"अल्लाह ने रख लियो," ती म्हणाली. मग उस्तादला दरडावलं, "और यो पत्थर किसने बताया था?"

पत्थर त्यानेच निवडला होता. तो उठला आणि वाकून आत राहिलेली चप्पल शोधायला लागला.

चाचीच्या शेतातल्या एका बाईने जवळच्या वस्तीतून लाकडाची जाड फळी आणली. ती जॅकखाली घातली. त्यावर भार नीट बसला. आता उस्ताद खाली जाताना प्रत्येक वेळी भाऊजींकडे बघायचा, भाऊजी मान हलवायचे, मगच तो सरकायचा. साखळी दांड्याभोवती घालून पुढच्या कडीत अडकवली आणि त्यात लोखंडी पहार घालून पिळत नेली. दांडा बोटाबोटाने पुढे आला. टायर मोकळं झालं.

ठोकळ्यासाठी उस्तादने किकरची वाळकी फांदी तोडली. दिसायला भक्कम होती. जॅक उतरवला आणि ट्रकचं वजन पडताच ती उभी चिरली. दुसरी फांदीही तशीच गेली. चाची दुरून बघत होती. ती वस्तीवर जाऊन खाटेचा एक जुना खूर घेऊन आली, काळा पडलेला, गुळगुळीत, वजनदार. खाट कधीच मोडली होती म्हणे, खूर तेवढा राहिला होता. कुऱ्हाडीने तो मापात तोडायला भाऊजींना बराच घाम गाळावा लागला. पण बसला तो बसलाच. वरून दोरखंडाचे वेढे घातले.

"ठहरेगा?" मी विचारलं.

"पता नहीं," उस्ताद म्हणाला. एवढंच. आणि पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने रिकामा ट्रक घेऊन तो तावडूकडे निघाला.

दुपार आम्ही पेट्यांजवळ काढली. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती खाल्ली. माश्या आता कामाला लागल्या होत्या. शेताच्या बांधावर उरलीसुरली मोहरी फुलली होती, तिकडे त्यांची ये-जा सुरू झाली. कापणीच्या बायकांना कोणी डसलं नाही. चाची विसाव्याला आली तेव्हा आमच्याजवळ येऊन बसली.

"इनमें रानी कितनी?"

"एका घरात एक."

"और बाकी?"

"तिच्या मुली. सगळं काम त्याच करतात," मी तिला हिंदीत सांगितलं.

"और मर्द?"

"ते काही करत नाहीत. खातात. थंडी पडली की मुली त्यांना बाहेर काढतात."

चाचीने तोंडात पदर कोंबला आणि हसत सुटली. मग शेतातल्या बायकांना मोठ्याने हे सगळं सांगायला गेली. तिकडूनही हसण्याचा आवाज आला.

ती गेल्यावर भाऊजी बराच वेळ तळहाताचे फोड बघत बसले. मग म्हणाले, "वहिनी, मी आता परीक्षेला बसणार नाही. ह्या वर्षीसुद्धा नाही. अटेम्प्ट उरलाय एक, पण नाही."

"बरं."

"दादाला तुम्ही सांगाल का?"

"तुम्हीच सांगा. मी शेजारी बसेन."

त्यांनी मान हलवली. आणखी काही विचारावं असं मला वाटलं नाही. इतकी वर्षं सगळे त्यांना विचारतच तर आले होते.

सावल्या लांब झाल्या तरी उस्तादचा पत्ता नव्हता. भाऊजी दोनदा टेकडीवर चढून आले, फोन बंद. साखळी तुटली असेल, ट्रक रस्त्यात बसला असेल, किंवा तो सरळ घरी निघून गेला असेल, असं सगळं माझ्या मनात येत होतं. दुसरा ट्रक मिळणार नव्हता. पेट्या सोडून जाता येत नव्हतं. चाची घरी निघताना म्हणाली, "ना आयो तो म्हारे घर सो जाइयो." मी होकार दिला आणि तेव्हा कुठे जरा धीर आला.

पश्चिमेला रंग उरला असताना ट्रकचा आवाज आला. इंजिनाच्या त्या खोकल्यावरून मी तो ओळखला. उस्ताद उतरला. डोळा अजून सुजलेला, पण चेहरा पुन्हा पहिल्यासारखा.

"नया पत्ता नहीं मिला. दूसरी गाड़ी का लगवाया है. पर मजबूत है, मेरी गारंटी."

मिस्तरीने दुसऱ्या मोडीत निघालेल्या ट्रकची पट्टी काढून बसवली होती आणि ती मापात आणण्यात दुपार गेली होती. उस्तादचा फोन वाटेत पडून फुटला होता. खाटेचा खूर त्याने परत आणला होता. खूर मधोमध दबला होता, पण चिरला नव्हता. चाची अजून वळणावरच होती. उस्तादने पळत जाऊन तो तिच्या हातात दिला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि डोक्यावरच्या गवताच्या भाऱ्यात खोचला.

शेवटच्या माश्या घरात शिरल्या तशी आम्ही दारं लावली. काही मागे राहतातच. पेट्या उचलल्यावर त्यांच्या जागी रिकाम्या हवेत घिरट्या घालत राहतात. त्यांच्यासाठी ती मेलेली पेटी तिथेच ठेवावी का, असा विचार मनात आला. मग निम्मी उरलेली पेटीच तात्पुरती तिथे ठेवली, चाचीच्या भरवशावर. हरवलेल्या माश्या तिच्यात शिरतील, तिचीही भर होईल. चार दिवसांनी मी शेअर ऑटो आणि बस बदलत तिला घ्यायला गेले, तेव्हा ती बऱ्यापैकी भरली होती. पेटीवर कोणीतरी उन्हासाठी जुनं पोतं टाकून ठेवलं होतं.

सोनिपतला आम्ही त्या रात्री फार उशिरा पोचलो. परकी कमानी वाटभर करकरत होती, पण टिकली. पेट्या निलगिरीखाली मांडल्या, जाळ्या काढल्या आणि राईतल्या पंपावर तिघांनी हातपाय धुतले. भाऊजींच्या सोललेल्या तळहातांना पाणी लागलं तेव्हा ते कळवळले.

भाऊजींनी त्याच आठवड्यात त्यांच्या दादाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला सांगितलं, मी शेजारी बसले होते. घरात दोन दिवस जरा अवघड गेले, मग निवळलं. आता ते वाशिमला एका कॉलेजात शिकवतात. उस्तादचा ट्रक पुढच्या हिवाळ्यात मोडीत गेला. त्याने धारूहेड्याहून दुसरा घेतला, तोही जुनाच, आणि पहिल्याच खेपेला मला त्याची इंजिनापासून हॉर्नपर्यंत सगळी वैशिष्ट्यं ऐकवली. मी ट्रकखाली वाकून मागच्या कमान्या दोन्ही बाजूंनी बघून घेतल्या आणि मग पेट्या चढवायला सांगितलं.